बारक्याला घेऊन उघड्यावरचं नाटक बघायला: कोल्हापुरात नव्यानं आलेल्या आईबापांसाठी

आमचं बारकं चार वर्षांचं असताना मी त्याला शिवचरित्रावरचं एक महानाट्य दाखवायला नेलं. हत्ती, घोडे, मशाली, शे-दीडशे कलाकार असा सगळा थाट. हौसेनं महागाचं तिकीट काढून पुढून चौथी रांग धरली. पहिली तोफ उडाली आणि पोरानं जो टाहो फोडला, तो मैदानाच्या फाटकापर्यंत थांबला नाही. पंचवीस मिनिटांत आम्ही बाहेर. फाटकाशी एक घोडा आपल्या प्रवेशाची वाट बघत कडबा खात उभा होता. त्याला बघून रडणं बंद झालं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही घोडाच बघितला. आता ते सात वर्षांचं झालंय, पण "नाटकात काय होतं रे?" असं विचारलं की अजून एकच उत्तर येतं, "घोडा."

चूक नाटकाची नव्हती, माझीच होती. पोहायला शिकवायचं म्हणून लेकराला थेट पुरातल्या पंचगंगेत सोडल्यासारखं मी केलं होतं. उघड्यावरचं नाटक दाखवायचं तर सुरुवात छोट्या खेळापासून करायची, शक्यतो फुकटच्या, आणि जिथून कुणाच्या पायावर पाय न देता कधीही उठता येईल अशा ठिकाणी. कोल्हापुरात याची जितकी सोय आहे तितकी क्वचित कुठं असेल. पण बदलीनं, नोकरीनं किंवा लग्न करून इथं आलेल्यांना ती ठाऊक नसते, कारण तिला 'नाटक' म्हणून कुणी जाहिरात करत नाही.

पहिली पायरी: सजीव देखावा

गणेशोत्सवात इथल्या पेठांमधली मंडळं सजीव देखावे करतात. म्हणजे मूर्तीशेजारी किंवा समोर छोटा रंगमंच, त्यावर गल्लीतलीच पोरंपोरी वेशभूषा करून उभी, आणि एखादा ऐतिहासिक नाहीतर सामाजिक प्रसंग. बहुतेक ठिकाणी संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपतो, गर्दी पुढं सरकते आणि थोड्या वेळानं तोच खेळ पुन्हा सुरू होतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ ही याची हक्काची ठिकाणं. राजारामपुरीचं नाव जास्त करून हलत्या, तांत्रिक देखाव्यांसाठी आहे. तेही मुलांना आवडतात, पण ते नाटक नव्हे.

लहान मुलासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. दहा मिनिटं कुठलंही मूल तग धरतं. घाबरलं तर चार पावलं मागं सरकलं की झालं. आणि पहिल्यांदा भीती वाटलेला प्रसंग लगेच दुसऱ्यांदा दाखवता येतो. आमच्या बारक्यानं एका देखाव्यातल्या राक्षसाला पहिल्या वेळी माझ्या पदराआडून, दुसऱ्या वेळी एका डोळ्यानं आणि तिसऱ्या वेळी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. चौथ्या वेळी त्याला त्या राक्षसाच्या पायातली चप्पल दिसली.

एक हिशोब मात्र ध्यानात ठेवा. घरगुती गणपतींचं विसर्जन झालं की देखावे बघायला सगळं गाव आणि आजूबाजूची खेडी एकदम बाहेर पडतात. शेवटच्या रात्री तर बाबागाडी सोडाच, स्वतःचे पायसुद्धा आपल्या मर्जीनं हलत नाहीत. म्हणून देखावा सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशीच, संध्याकाळी दिवे लागल्या लागल्या जा. तेव्हा कलाकारांचे हातवारे थोडे चुकतात, पण मुलाला ते कळत नाही आणि आपल्याला चालतं.

दुसरी पायरी: सोंगी भजन, पोवाडा, मर्दानी खेळ

करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड भागातल्या गावांत देवळासमोर सोंगी भजन रंगतं. पेटी, पखवाज, टाळ, मागं भजनी मंडळ आणि पुढं सोंगं. बायकांची कामंही बऱ्याचदा पुरुषच करतात. गवळणीतली मावशी पदर सावरत आली की पोरं हसून लोळतात. कुणी ओळखीचं गावाकडचं असेल तर जत्रेच्या वेळी विचारून ठेवा. अनोळखी म्हणून कुणी हटकणार नाही, उलट पोराला पुढं बसवतील आणि तुमच्या हातात चहाचा कप देतील.

याचा खरा फायदा खेळाच्या आधी मिळतो. सोंगं रंगवायचं काम शेजारच्या शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या ओवरीत चाललेलं असतं. तासभर आधी पोहोचा, दारात उभं राहून "दादा, पोराला बघू दे का?" असं विचारा. मिशीवाला माणूस आरशात बघत तोंडाला पांढरा रंग लावतोय, मग टिकली लावतोय, मध्येच तंबाखू मळतोय, हे ज्या मुलानं एकदा बघितलं त्याला पुढं रंगमंचावरची राक्षसीण फारशी खात नाही. (तंबाखूचं स्पष्टीकरण तुमचं तुम्ही द्या.)

पोवाडे आणि मर्दानी खेळ शिवजयंतीला बघायला मिळतात. इथं एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात पाडते. १९ फेब्रुवारीला सरकारी शिवजयंती असतेच, पण पेठांमधली बरीच मंडळं परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, उत्सव करतात. त्यामुळं वर्षातून दोन संधी मिळतात. दांडपट्टा फिरताना वर्तुळाच्या कडेला मूल घेऊन उभं राहू नका. पट्टा लवचीक असतो आणि खेळणाऱ्याचं लक्ष तुमच्या मुलाकडं नसतं. दहा-बारा फूट मागं, खांद्यावर घेतलेलं बरं.

दशावतार मूळचा सिंधुदुर्गाकडचा. तिकडं जाणं झालं तर सुरुवातीला येणारा संकासुर जरूर दाखवा. काळे कपडे, लांब लाल जीभ आणि तोंडात मालवणी थट्टा. मुलं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागं फिरतात. पण खेळ पहाटेपर्यंत चालतो, त्यामुळं संकासुर झाला की मुलाला झोपवायचं हे आधीच ठरवून जा. तमाशाबद्दल लोक मला हळू आवाजात विचारतात. माझं मत सरळ आहे: गण आणि गवळण मुलानं बघायला काहीच हरकत नाही. पुढं बतावणी (विनोदी सवाल-जवाब) आणि वगाला (मुख्य कथानाट्याला) कुठली भाषा येणार हे त्या फडावर आणि त्या गावावर अवलंबून असतं. जत्रा कमिटीतल्या एखाद्या बाईमाणसाला विचारा, पुरुष "काय नाही हो, घरंदाज आहे सगळं" असंच सांगतात.

हे सगळं दोन-तीनदा झालं, की मग महानाट्याचं तिकीट काढा. सहा वर्षांच्या आत मी तरी काढणार नाही.

कधी जायचं: सूर्य, पाऊस आणि दहाचा काटा

उघड्यावरच्या नाटकाला सूर्य मावळल्याशिवाय रंग चढत नाही, कारण उजेडात प्रकाशयोजना दिसतच नाही. कोल्हापुरात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. दुसऱ्या बाजूला, उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार सणासुदीला बारापर्यंत मुभा देऊ शकतं, एवढाच अपवाद. याचा सरळ अर्थ असा की थंडीत आयोजकांना सुरुवात लवकर करता येते, आणि उन्हाळ्यात अंधार ते दहा एवढ्या चिंचोळ्या वेळात सगळं बसवावं लागतं. त्यात सत्कार आणि भाषणं आली की मुलाची झोप उडालेली नसते, आलेली असते. म्हणून शाळकरी मुलांसाठी तुळशीच्या लग्नापासून महाशिवरात्रीपर्यंतचा हंगाम उत्तम.

मात्र त्या दिवसांत रात्री अंग गारठतं. दिवसा ऊन असतं म्हणून लोक फसतात. मातीचं मैदान आठनंतर खालून गार पडायला लागतं आणि बसलेल्या मुलाला ते आधी कळतं.

एप्रिल-मे महिन्यात वळीव. दुपारपासून ढग चढतात, चारनंतर वारं सुटतं, धुळीचा लोट येतो आणि अर्ध्या तासात मैदान चिखल. तिकीट आहे म्हणून हट्टानं बसू नका. वीज चमकल्यावर मनात आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, उठायची वेळ झाली. ध्वनिक्षेपकाचे लोखंडी मनोरे, मांडवाचे खांब, झाड आणि जाहिरातीचे फलक यांच्याखाली थांबायचं नाही. पक्की इमारत नाहीतर बंद गाडी गाठायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काही ठरवूच नये, गणपतीतले देखावे सोडून. त्यांच्यासाठी छत्रीपेक्षा रेनकोट बरा. गर्दीत छत्रीची काडी नेमकी दुसऱ्याच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर येते.

मैदान आधी बघून ठेवा

ज्या दिवशी खेळ नसेल त्या दिवशी मुलाला घेऊन मैदानावर एक चक्कर मारा. मुतारी कुठं, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठं, रिक्षा कुठं मिळते. गांधी मैदान खोलगट आहे, पाऊस पडून गेला असेल तर पाणी साचलेलं सापडतं. सपाट मैदानावर आणखी एक अडचण असते: तीन फूट उंचीच्या माणसाला तिथून फक्त पाठी दिसतात. म्हणून थोडा चढ असेल ती बाजू हेरून ठेवा.

हा चढाचा प्रश्न आपल्या गावानं शंभर वर्षांपूर्वीच सोडवलाय. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं जुनं आखाडेवजा प्रेक्षागृह त्यांच्या नजरेत भरलं, आणि पुढं खासबागचं कुस्ती मैदान वाटीसारखं बांधलं गेलं. मधला हौदा खाली, प्रेक्षक चहूकडून वर चढत गेलेले. शेवटच्या पायरीवरच्या पोरालाही पैलवानाची पकड दिसते. त्याला खेटूनच १९१३ ते १९१५ दरम्यान महाराजांनी पॅलेस थिएटर उभारलं, तेच पुढं गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावानं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं बघितलेली आहेत मी, आणि त्यातली सगळीच काही नाटकवाली नव्हती. मुलाला त्या परिसरातून एकदा फिरवून आणा, तिथं भेळ खायला घाला. नाटक म्हणजे एखाद्या गावासाठी काय असतं, हे अजून त्याला कळायचं नाही, पण भेळ लक्षात राहील.

गोष्ट आधी सांगा, शेवटासकट

मोठ्यांना शेवट आधी कळला की रसभंग होतो. लहान मुलाचं उलट असतं. अफझलखान मरणार आहे, महाराजांना काही होणार नाही, तोफेचा मोठा आवाज येईल पण तो फटाक्याचा असेल, हे त्याला घरीच सांगा. दोन-तीन दिवस रात्री झोपताना तीच गोष्ट घोळवा. मग मैदानात ते मूल घाबरायच्या ऐवजी वाट बघतं, "आता तोफ येणार, आई, कान!" पात्रांची नावं, कोण कुणाचा कोण, एवढं त्याला ठाऊक असलं की बास. एवढं करूनही आमच्या बारक्यानं एकदा मध्येच विचारलंच, "आई, ते काका खरंच मेले?" मी म्हटलं, "नाही रे, नमस्कार करायला शेवटी येतील बघ." शेवटी सगळे कलाकार ओळीनं उभे राहिले, तेव्हा याचं लक्ष फक्त मेलेले काका मोजण्यात होतं.

पिशवीत काय

जाड सतरंजी, तिच्याखाली घालायला प्लॅस्टिकचा कागद, कानटोपी, स्वेटर, डास पळवायचं मलम, लहान टॉर्च, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जादा जोड. उन्हाळा असला तरी कानटोपी घ्या, ती तोफेच्या वेळी कामाला येते. खायला चपातीचा लाडू किंवा कोरडं भडंग, मुलासाठी मिरची काढलेलं. कागदी पुडीचा कुरकुर आवाज होतो म्हणून डब्यात भरून न्या. जेवण घरूनच सातच्या आत उरकून निघा. मध्यंतरात वडा-मिसळीच्या गाड्यावर गेलं तर झणझणीत रस्सा, मग पाणी, मग मुतारी, आणि तोवर दुसरा अंक निम्मा झालेला असतो. पाणी घोट घोट द्या. घरून निघताना आणि मैदानावर पोहोचल्यावर, "आली नाही" असं म्हणालं तरी शूला नेऊन आणा.

बसायचं कुठं

मधली पुढची रांग सगळ्यांना हवी असते, तुम्ही ती सोडा. कडेची, वाटेलगतची जागा घ्या, म्हणजे उठताना दहा गुडघे ओलांडावे लागत नाहीत. मात्र कडेला ध्वनिक्षेपकांच्या भिंती असतात, त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. उघड्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. दहा मीटरवर बसला असाल तर उठून वीस मीटरवर या, मुलाच्या कानावरचा ताण ताबडतोब कमी होतो. कानावर हात ठेवून बसलेलं मूल नखरे करत नसतं. त्याला खरंच दुखतं. बाजारात कान झाकायची हेडफोनसारखी साधनं मिळतात, मोठी दिसतात म्हणून लाजू नका, लावा.

गावाकडं लहान पोरांना सगळ्यात पुढं मातीत बसवायची रीत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला बसवावं. पण आपण अशा जागी बसावं की त्यानं मान वळवली की आपण दिसू. खुर्च्या असतील तर मुलाला खांद्यावर घेऊन मागच्यांचा रस्ता अडवू नका. इथली माणसं प्रेमळ आहेत, पण "ओ पाव्हणं, खाली बसा की" हे सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

रंगमंचाची पूजा होते, नारळ फुटतो. त्यावर चप्पल घालून चढायचं नाही हे मुलाला आधीच सांगा. आणि मोबाइल वर धरून सगळं चित्रित करत बसू नका, तुमच्या पोराला नाटकाऐवजी तुमचा मोबाइल दिसतो.

हरवलं तर

निघण्यापूर्वी घराच्या दारात मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. शोधताना "शर्ट कुठला होता?" या प्रश्नावर भल्याभल्यांची वाचा बसते. खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. भेटायची जागा ठरवताना "फुगेवाल्याजवळ" असं ठरवू नका, फुगेवाला फिरतो. फाटक, पुतळा, पाण्याची टाकी अशी न हलणारी खूण घ्या. मुलाला एवढंच शिकवा की हरवलास तर चालत सुटायचं नाही, तिथंच उभं राहायचं आणि लेकरू कडेवर असलेल्या बाईला सांगायचं. मूल दिसेनासं झालं की आधी रंगमंचाकडं जाऊन ध्वनिक्षेपकावरून पुकारायला सांगा, लाज बाळगू नका. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

उठायचं कधी

मूल रडायला लागल्यावर उठायचं नसतं, त्याच्या दहा मिनिटं आधी उठायचं असतं. ही वेळ ओळखता येते: पाय हलायला लागतात, "घरी कधी?" दुसऱ्यांदा येतं, मातीत रेघोट्या सुरू होतात. एखादा प्रवेश संपून अंधार झाला की तेवढ्यात सटका. अर्धं नाटक राहिलं म्हणून हळहळू नका. घरी जाताना उरलेली गोष्ट तुम्हीच सांगा, नाहीतर त्याला सांगू द्या. आमच्याकडं एका खेळाचा शेवट बारक्यानं स्वतः केला, त्यात शाहिस्तेखान पळून थेट रंकाळ्यावर पाणीपुरी खायला गेला.

परत येताना

रात्री परतीच्या केएमटीच्या (महापालिकेच्या बसच्या) भरवशावर राहू नका, रिक्षावाल्या मामांशी जातानाच बोलून ठेवा. दुचाकीवर असाल तर झोपलेलं मूल हीच सगळ्यात मोठी काळजी. केंद्राच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि डोक्याला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. नाटक संपल्यावर सगळ्या गाड्या एकदम निघतात. पाच-दहा मिनिटं सतरंजीवरच बसून राहा, उरलेलं भडंग संपवा, रंगमंच उतरवणारी माणसं मुलाला दाखवा. एवढा मोठा किल्ला चार पोरं खांद्यावर टाकून टेम्पोत भरतात, हे बघताना आमचं बारकं घोड्यालाही विसरलं होतं.